डावीकडून सातवी ट्यूब

२ सप्टेंबर

काम मिळालं. नाटकाचे निर्माते म्हणाले, चौसष्ट पानांची पुस्तिका, दीड महिन्यात, आणि लेखिका म्हणून आत तुमचं नाव. मी तीनदा "नक्की ना?" विचारलं. चौथ्यांदा विचारणार होते, पण त्यांचा फोन वाजला.

पुस्तिका ज्यांच्यावर लिहायची त्यांना सगळे 'सरकार' म्हणतात. चाळीस वर्षांत रंगमंचावर इतके राजे केले की तेच नाव चिकटलं. आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. मधली अकरा वर्षं घरी होते, आता नवीन नाटकात म्हाताऱ्या न्यायाधीशाचं काम करताहेत. ते चित्रंही काढतात. हे फार थोड्यांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत आहे ते 'नटाचा छंद' म्हणून हसण्यावारी नेतात. म्हणून शुभारंभाच्या दिवशी थिएटरच्या बाहेरच्या दालनात त्यांची बारा चित्रं लावायची आणि माझी पुस्तिका तिथे ठेवायची, असं ठरलंय. निर्माते म्हणाले, "म्हातारा टिकला तर उत्तम. नाही टिकला तर धाकटा तयार आहेच." धाकटा म्हणजे सरकारांची भूमिका पाठ करून बसलेला बदली नट.

घरी सांगितलं. बाबांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान आमच्या पुढच्याच खोलीत आहे. किल्लीला कानस मारता मारता ते म्हणाले, "घरातली पहिली पदवी. आणि खर्ची कशात पडली, तर नटाच्या स्तुतीत."

"स्तुती नाही बाबा, चरित्र."

"जिवंत माणसाचं चरित्र म्हणजे स्तुतीच. खरं छापून यायला आधी मरावं लागतं."

दादा टेम्पो धुवून आत आला होता. म्हणाला, "काय विदुषी, आत नाव म्हणजे किती आत? छापखान्याच्या पत्त्याखाली?" आईसुद्धा हसली. मी जेवले नाही.

मी ठरवलंय. स्वतःच्या डोळ्यांनी पाहीन तेवढंच लिहीन. ऐकीव एक अक्षर नाही.

५ सप्टेंबर

पहिला दिवस. दार सरकारांच्या बायकोने उघडलं.

"नमस्कार काकू, मी..."

"मी तुझी काकू कशी? माझ्या दिराला मुलगीच नाही." मग चपलांकडे बोट. "तिथे नाही. भिंतीला लागून. या घरात वाटेत काही ठेवायचं नाही. काही म्हणजे काही नाही."

आता त्यांना मी 'बाई' म्हणते. त्यावर अजून काही बोलल्या नाहीत, म्हणजे चालत असावं.

सरकार मागच्या खोलीत खिडकीशी पाठमोरे उभे होते, समोर कॅनव्हास. टर्पेंटाइनचा वास इतका की डोळे चुरचुरले. कामात व्यत्यय नको म्हणून मी दाराशी गप्प उभी राहिले. पाच मिनिटांनी ते वळले आणि केवढ्याने ओरडले, "कोण आहे?"

"मी... लिहायला आलेय."

"मग तोंडाने सांगावं. चोर आहेस का मुकी आहेस?"

"तुमच्या कामात अडथळा..."

"शिक्षण किती?"

मी सांगितलं.

"म्हणजे काहीच येत नाही. ठीक आहे. बस, पदवीधर."

सगळ्यात वाईट म्हणजे ते बोलताना माणसाकडे पाहतसुद्धा नाहीत. नजर माझ्या कानाच्या बाजूने पलीकडे, जणू माझ्या मागे कुणीतरी जास्त महत्त्वाचं उभं आहे. इतकी तुच्छता मी कुणाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती. येताना बसमध्ये रडू आलं, पण सीट खिडकीची होती म्हणून भागलं.

११ सप्टेंबर

आत्तापर्यंत त्यांनी माझी सतरा पानं फाडली आहेत. न वाचता. ते माझं लिखाण हातात घेऊन बघतच नाहीत. "वाच," म्हणतात, डोळे मिटून ऐकतात, आणि मध्येच हात पुढे करतात: "आण इकडे." की टर्रर्र.

"तुमच्या घरी भांडताना विशेषणं वापरतात का?" आज विचारलं.

"नाही."

"मग माझ्या घरी का आणतेस? कानाला खटकलं ते कागदावर कितीही नटलं तरी खोटंच."

हे तत्त्व मला मनापासून पटलं. वहीत उतरवून ठेवलं. माणूस मात्र पटला नाही.

तरी न्याय करायला हवा. त्यांची शिस्त बघण्यासारखी आहे. मागच्या खोलीत एका फळीवर रंगांच्या बावीस ट्यूबा ओळीने ठेवलेल्या असतात. त्यांचा हात मागे जातो, ट्यूब उचलतो, रंग पिळतो, ट्यूब परत तिथेच. मान वळवतसुद्धा नाहीत. मी काल त्यातली एक उचलून नाव वाचलं तर बाई हातातलं काम टाकून धावत आल्या. "ठेव! होती तशी ठेव!" जणू मी दागिना उचलला होता.

नाटकही त्यांना संपूर्ण पाठ आहे, सगळ्या पात्रांची वाक्यं. रोज सकाळी बाई संहिता मोठ्याने वाचतात, ते फेऱ्या मारत ऐकतात. मी बाईंना विचारलं, ते स्वतः का वाचत नाहीत?

"लग्नात तसं ठरलं होतं," त्या म्हणाल्या. ही थट्टा असावी. त्यांच्या तोंडाकडे बघून कळत नाही.

१६ सप्टेंबर

तालीम पाहिली. नेपथ्य न्यायालयाचं. वरच्या दारातून न्यायाधीश येतात, पायऱ्या उतरतात, चार पावलं चालतात आणि खुर्चीत बसतात. मागे वळून खुर्ची आहे की नाही हेही बघत नाहीत! आरोपीवर नजर रोखलेली आणि तसेच खाली बसतात. माझ्या अंगावर काटा आला. मी पायऱ्या मोजल्या, नऊ.

बाई पहिल्या रांगेत असतात आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. "अहो, दिग्दर्शक आले बरं का तुमच्या उजवीकडे. काळा शर्ट शोभतोय हो त्यांना!" "अगंबाई, टेबल आज पुढे घेतलं वाटतं, छान दिसतंय!" शिकल्या-सवरलेल्या बाईने इतकं लांगूलचालन करावं याची मला लाज वाटली.

मध्यंतरात बदली नट माझ्यापाशी आले. पस्तिशीचे असतील. "तुम्ही लेखिका ना?" म्हणाले. या शब्दाने मला हाक मारणारा पहिला माणूस. माझ्यासाठी चहा आणला, सरकारांचं किती कौतुक केलं! "त्यांच्या शिस्तीचं रहस्य कुणीतरी लिहायला हवं. आम्हा धाकट्यांना शिकता येईल."

घरी जाताना बाई म्हणाल्या, "त्या साखऱ्याशी काय गुलुगुलु चाललं होतं? त्याच्या जिभेवर साखर आहे. मुंग्या कुठे लागल्या ते नंतर कळतं."

ज्यांना स्वतःला गोड बोलता येत नाही त्यांना दुसऱ्याचं गोड बोलणं सलतं.

२४ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं, कारण मला अजून माझी चूक समजलेली नाही.

बारावं चित्र सुरू आहे. बाईंचं. चाळीस वर्षांत त्यांनी बायकोला एकदाही रंगवलं नव्हतं, आणि आता मात्र घाई अशी की दुपारची झोपही नाही. बाई रोज दोन तास स्टुलावर बसतात आणि बसल्या बसल्या मला टोमणे मारतात.

काल ते दोघं डॉक्टरांकडे गेले होते, मी टिपणं नकलत बसले होते. फळीवर धूळ साचलेली. मला वाटलं, आपणही काही करावं. सगळ्या ट्यूबा ओल्या फडक्याने पुसल्या आणि रंगांप्रमाणे लावल्या: पांढऱ्यापासून पिवळे, तांबडे, निळे, हिरवे, शेवटी काळा. इतकी सुंदर दिसत होती ती ओळ! ते आल्यावर खूश होतील म्हणून मी मुद्दाम काही बोलले नाही.

आज त्यांनी चेहरा रंगवायला घेतला. सवयीप्रमाणे हात मागे, ट्यूब, परत हात मागे. भराभर, तंद्रीत. दीड तासाने बाई उठल्या, समोर आल्या, आणि त्यांचा हात तोंडावर गेला. मीही पाहिलं. चेहरा हिरवा होता. कपाळ, गाल, सगळा. डोळ्यांखाली जांभळं. शेवाळलेल्या दगडासारखा.

"कशी दिसतेस?" सरकारांनी विचारलं.

बाईंनी एकदा फळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाल्या, "छान. अगदी माझ्यासारखी."

मला स्वयंपाकघरात ओढत नेऊन मनगट असं धरलं की वळ उठलाय. "फळीला कुणी हात लावला?"

"मी फक्त नीट..."

"नीट! नीट म्हणजे काय ते कुणी ठरवलं? तू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पुन्हा हात लावलास तर या घरात पाय ठेवायचा नाही."

त्यांनी स्वतः ट्यूबा परत लावल्या, पुटपुटत, "डावीकडून पहिली पांढरी... डावीकडून सातवी पिवळी माती..." आणि मला उभं करून शेवटपर्यंत बघायला लावलं.

ट्यूबांची जागा बदलली एवढ्यावरून बायकोचा चेहरा विद्रूप करायचा? राग माझा होता तर माझ्यावर काढायचा होता. आणि बाईंचं मला नवल वाटतं. नवऱ्याला एवढ्या घाबरतात की तोंडावर 'छान' म्हणाल्या.

२ ऑक्टोबर

तरीही मी सूड उगवणार नाही. त्यांनी फाडली ती पानं फाडली. पुस्तिकेत एक प्रकरण असं घालतेय की वाचून त्यांना स्वतःची लाज वाटावी, कारण त्यात निव्वळ चांगलंच आहे. नाव दिलंय 'कामाची शिस्त'. हे मी त्यांना वाचून दाखवणार नाही. छापून आल्यावरच हातात ठेवीन.

सगळं पाहिलेलं, एक शब्द कल्पनेतला नाही. बावीस ट्यूबांची न बदलणारी ओळ. घरात वाटेवर कधीच काही नसणं. नऊ पायऱ्या, चार पावलं, न पाहता बसणं. लेखन डोळ्यांनी नव्हे, कानांनी तपासणं. टेबल चार बोटं सरकलं तरी पत्नीने प्रेमाने सांगणं. लिहून झाल्यावर वाटलं, मी मोठ्या मनाची आहे. हे वाटणं वाईट आहे, पण वाटलं हे खरं आहे.

७ ऑक्टोबर

छापखान्यातून तपासायला मुद्रितं आली! अजून नाव आत आहे. बदली नटांनी वाचायला मागितली, म्हणाले, व्याकरण बघून देतो. तालमीच्या वेळी मागच्या खुर्च्यांत बसून वाचत होते. 'कामाची शिस्त' दोनदा वाचलं.

"हे पान म्हणजे सोनं आहे," म्हणाले. "नऊ पायऱ्या आणि चार पावलं, नक्की?"

"रोज मोजते मी."

"आणि मागे बघत नाहीत."

"कधीच नाही."

"कमाल आहे," ते म्हणाले, आणि बराच वेळ रंगमंचाकडे बघत राहिले. त्यांनाही माझ्यासारखाच आदर वाटला असावा. मुद्रितं एक दिवस ठेवून घेतो म्हणाले. मी दिली.

९ ऑक्टोबर

तालमीत अपघात. न्यायाधीशाची खुर्ची हातभर डावीकडे सरकलेली होती. सरकार नेहमीसारखे आले, नऊ पायऱ्या, चार पावलं, बसले आणि थेट जमिनीवर. दोघंतिघं हसले. बाई पहिल्या रांगेत औषधाच्या बाटलीचं झाकण उघडत होत्या, त्यामुळे नेमक्या त्याच वेळी बोलायच्या थांबल्या होत्या.

सरकार बसल्या जागेवरून नेपथ्यवाल्यांवर कडाडले, "खुर्ची जागेवर ठेवता येत नाही? आईच्या घरी ताट तरी जागेवर ठेवता का?" नेपथ्यवाले शपथा घेत होते की आम्ही हलवली नाही. सगळ्यांत आधी धावले ते बदली नट. हात दिला, कपडे झटकले, आणि हलकेच म्हणाले, "जपून हं, सरकार. डावीकडे आहे खुर्ची." किती सभ्यपणा.

सरकारांनी त्यांचा हात झटकला. कृतघ्नपणाची हद्द.

१३ ऑक्टोबर

क्रमाने लिहिते.

आज बाई तालमीला नव्हत्या, दाढ ठणकत होती म्हणून डॉक्टरकडे गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "पहिल्या रांगेत बस. आणि कधी नव्हे ते तोंड चालू ठेव." मी मनात म्हटलं, तुमची लाळघोटेपणाची गादी चालवायला मी शिकले नाही. बाराव्या रांगेत जाऊन बसले. अकराव्या रांगेत माझ्या पुढेच बदली नट होते. त्यांच्या मांडीवर माझी मुद्रितं होती आणि 'कामाची शिस्त' तांबड्या पेन्सिलीने भरलेलं होतं. मला वाटलं व्याकरण. वाकून पाहिलं. 'नऊ पायऱ्या' अधोरेखित. 'न पाहता' अधोरेखित. 'कानांनी' अधोरेखित, आणि कडेला निर्मात्यांच्या सहीसारखं काहीतरी खरडलेलं. व्याकरणाची एकही खूण नव्हती.

तिसऱ्या अंकात न्यायाधीश एक अर्ज मोठ्याने वाचतो. तिथे निर्माते रंगमंचावर चढले. "सरकार, अर्जाचा मजकूर बदललाय. आत्ताच आला. एकदा वाचून दाखवा ना." आणि कागद त्यांच्या हातात दिला.

सरकारांनी कागद धरला. कागदाच्या कडेने पलीकडे पाहिलं. अगदी तसं, जसं दीड महिना माझ्या कानाच्या बाजूने पाहत आले.

हिरवा चेहरा. "कोण आहे?" भिंतीला लागून ठेवलेल्या चपला. बाईंची अखंड बडबड. सगळं मीच पाहिलं होतं. सगळं मीच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.

सरकारांनी कागदाचे दोन तुकडे केले. "लेखकाला म्हणावं, शर्यत सुरू झाल्यावर घोड्याला नाल ठोकत नाहीत."

"मग जुनाच वाचा. फक्त कागदावरून."

सरकारांनी तुकडे खाली टाकले.

"मी परीक्षा दिल्याला पन्नास वर्षं झाली," सरकार म्हणाले. "तुम्ही घेताय त्या परीक्षेला बसण्याइतका मी रिकामा नाही." ते उठले. बाजूच्या पायऱ्यांवरून प्रेक्षागृहात उतरले, खुर्च्यांमधल्या वाटेने दाराकडे निघाले. ताठ, एका लयीत. ती वाट त्यांनी आधी शंभर वेळा मोजलेली असणार. पण आज आठव्या रांगेपाशी वाटेत दिवेवाल्याची शिडी उभी होती.

सगळे बघत होते. मला आधी वाटलं, शिडी कुणाच्या लक्षात आली नाही. मग एकेकाचं तोंड पाहिलं. सगळ्यांच्या लक्षात आली होती. ते वाट बघत होते.

"शिडी आहे" एवढे दोन शब्द मी बोलले असते तरी निर्मात्यांना हवं ते मिळालं असतं.

मी उठले आणि किंचाळले, "थांबा! जाताय कुठे?"

ते थांबले. मी धावत खाली गेले आणि त्यांच्या आणि शिडीच्या मध्ये उभी राहिले. "माझी सतरा पानं फाडलीत! दीड महिना माझा पाणउतारा केलात! आता नाटक टाकून निघालात, माझ्या पुस्तकाचं काय?"

"बाजूला हो."

"नाही होणार! तुम्ही म्हणजे स्वतःला समजता कोण? तुमच्याइतका घमेंडखोर माणूस मी जन्मात पाहिला नाही!" हे बोलायला मला अजिबात अभिनय करावा लागला नाही. दीड महिन्याचं साठलेलं होतं. "हात लावून दाखवा मला! दाखवा!"

त्यांचा हात वर आला, हवेत चाचपला. मी माझं कोपर त्याखाली नेलं. बोटं रुतली. मी पूर्ण ताकदीने त्यांना डावीकडे ओढलं आणि ओरडले, "सोडा! ओढताय काय मला?"

मग त्यांना समजलं. कसं ते मला दिसलं: खांदे बदलले, मान वर गेली, आणि तो राजाचा आवाज आला, "दिग्दर्शक! या कार्टीला मी स्वतः बाहेर काढणार आहे! मध्ये कुणी पडायचं नाही! आणि जिथे असल्या पोरी माझ्यावर लिहितात तिथे मी पाऊल ठेवणार नाही!"

मी मागे ओढत होते, ते मला ढकलत होते. शिडीला त्यांची बाही घासली. दाराशी मी "उंबरा!" हे "मेलं तुमचं नाटक!"च्या आधी पुटपुटले. त्यांनी पाय उचलला.

टॅक्सीत बसल्यावरही त्यांनी माझं कोपर सोडलं नाही. म्हणाले, "गळ्यातून ओरडतेस. पोटातून काढायचा असतो आवाज. शेवटच्या रांगेला 'घमेंडखोर' ऐकू गेलं नसेल."

मी सांगितलं. पान मीच लिहिलं, मीच दिलं. त्यांनी मान हलवली. "कुणी ना कुणी लिहिणारच होतं. तू निदान व्याकरणशुद्ध लिहिलं असशील." मग विचारलं, "आता खरं सांग. तिचं चित्र कुठल्या रंगाचं झालंय?"

मी काच खाली केली.

"पदवीधर, विचारतोय मी."

"हिरवं."

"चेहरा?"

"सगळा."

ते खिडकीकडे वळले. "आणि ती म्हणाली, अगदी माझ्यासारखी." खांदे हलत होते. मला वाटलं हसताहेत. "खोटारडी कुठली. मला कळलंय हे तिला सांगायचं नाही. समजलं?"

१५ ऑक्टोबर

वर्तमानपत्रात आलं: 'लेखिकेच्या उद्धट वर्तनाने संतापून ज्येष्ठ नटाने नाटक सोडलं.' माझं नाव पूर्ण छापलंय, आडनावासकट. पुस्तिका रद्द. चित्रं उतरवून घरी पाठवली. भूमिका बदली नटाला.

बाबा म्हणाले, "आज तीन गिऱ्हाइकं किल्लीसाठी आली आणि चार तुला बघायला. सात पिढ्यांत पेपरात नाव आलं नव्हतं. आलं ते हे."

दादाने आज 'विदुषी' म्हटलं नाही. ते जास्त लागलं.

संध्याकाळी दुकानात आम्ही दोघंच असताना बाबांनी विचारलं, "खरं काय झालं?"

"छापलंय तेच."

"तू भांडताना आधी रडतेस. लहानपणापासून. तिथे रडलीस?"

"नाही."

त्यांनी कानस उचलली.

निर्मात्यांना परीक्षेचा निकाल मिळाला नाही, एवढंच मी केलं. सरकार हट्टी, तापट, म्हातारचळ लागलेले, असं लोक म्हणताहेत. त्यांना दिसत नाही, असं कुणी म्हणत नाहीये.

१७ ऑक्टोबर

बाईंकडे गेले. दार साखळीपुरतं उघडलं.

"कशाला आलीस?"

"माफी..."

"माफी मागून नोकरी परत येते का त्यांची? ही शेवटची भूमिका होती. चार वर्षं मी लपवलं. शेजाऱ्यांपासून, बहिणीपासून, डॉक्टर सोडून सगळ्यांपासून. आणि तू बाहेरून आलीस, दीड महिन्यात सगळं टिपलंस, आणि कळलं मात्र तुला कणभर नाही."

"हो."

माझ्या 'हो'ने त्या अडखळल्या. गाल सुजलेला होता. "ते म्हणतात तू बरं भांडलीस," म्हणाल्या. "मला नाही पटत. मी असते तर शिडीच लाथाडली असती." आणि दार लावलं.

२१ ऑक्टोबर

काल शुभारंभ झाला. आज बदली नटाचा फोन. प्रयोग रंगला म्हणे. "झालं गेलं विसरा. आता माझ्यावर पुस्तिका करायचं चाललंय. तुमची नजर फार बारीक आहे."

"खुर्ची कुणी सरकवली?"

"कुठली खुर्ची?" आवाज मधासारखाच होता.

मी पाहिलेलं नाही. पाहिलं नाही म्हणून इथेही लिहीत नाही. पण त्यांना म्हटलं, "तुमच्यावर मी लिहिलं तर तुम्ही ते छापू शकणार नाही." फोन त्यांनी आधी ठेवला.

२६ ऑक्टोबर

दुपारी एक वार्ताहर दुकानात आला. बाबा कपाटाचं कुलूप खोलून बसले होते, मी हिशेबाची वही घेऊन शेजारी. वार्ताहर वयस्कर होता, बोलायला मऊ. म्हणाला, आतून बातमी आहे की सरकारांना मुळी दिसतच नाही. भांडण वगैरे देखावा होता. "तुम्ही दीड महिना रोज त्यांच्या घरी होतात. तुम्ही शिकलेल्या आहात, खोटं बोलणार नाही. तुम्हाला काय दिसलं?"

बाबांचे हात थांबले.

"माझं लिखाण ओळ न ओळ वाचायचे," मी म्हटलं. "चष्म्याशिवाय. स्वल्पविराम चुकला तरी पान फाडायचे."

"आणि चित्रं?"

"माझ्यासमोर काढायचे. रंग स्वतः निवडायचे."

"बायकोचं एक चित्र हिरवं आहे म्हणतात."

"बायको दिसतेच तशी. तुम्ही भेटला नाहीत अजून."

तो हसला, पण पेन्सिल खाली ठेवली नाही. "मग भांडण कशावरून झालं?"

"माझ्या स्वभावावरून. मला बोलायचं भान राहत नाही. चूक माझी होती. तसंच लिहा."

त्याने लिहिलं. मी वही बघायला मागितली. 'किरकोळ वादातून' असं होतं. मी त्याला 'किरकोळ' खोडायला लावलं.